लव्हाळ्यांचं बेचकं

इंग्लंडमध्ये लीड्सला मावसबहिणीकडे गेलो होतो. तिथल्या सेंट जेम्स रुग्णालयाला लागून विटांची एक जुनी इमारत आहे. १८६१ साली ती गोरगरिबांसाठीचं 'वर्कहाउस' म्हणून उघडली. १९९७ पासून तिथे वैद्यकाचं संग्रहालय आहे. दारावरचं नाव वाचून मी थांबलोच. थॅक्रे! 'ठाकरे' हे आडनाव इंग्रजीत आपण ज्या स्पेलिंगने वाचत आलो तेच, फक्त मधला 'ई' नाही. १९०२ मध्ये लीड्सला औषधांचं दुकान काढलेल्या आणि पुढे ज्यांच्या कंपनीने शस्त्रक्रियेची हत्यारं बनवली, त्या चार्ल्स थॅक्रे यांचं ते नाव. "आडनाव इकडचंच आहे," बहीण म्हणाली. "मूळ वाडी पाण्याखाली गेली म्हणतात."

हे ऐकल्यावर घरी बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी काढली.

आधी हॅम्प्सथ्वेटला गेलो. निड नदीकाठचं लहानसं, नीटनेटकं गाव. १८११ साली कलकत्त्यात जन्मलेले कादंबरीकार विल्यम मेकपीस थॅकरे यांचे पणजोबा इथले. पुढे ते हॅरो शाळेचे मुख्याध्यापक झाले. आपले प्रबोधनकार, म्हणजे केशव सीताराम ठाकरे, या कादंबरीकाराचे चाहते होते आणि म्हणूनच त्यांनी आपल्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तसं केलं, असं सांगतात. मुंबईत पाट्यांवर दिसणारी ती अक्षरं या डोंगराळ मुलखातून कलकत्त्यामार्गे आली, हे चर्चच्या आवारात उभं राहून मनाशी जुळवताना अंगावर काटा आला.

तिथून वॉशबर्नच्या खोऱ्यात उतरलो. लीड्स शहर कापडगिरण्यांनी फुगलं, तेव्हा त्याची तहान भागवायला या छोट्या नदीवर एकामागून एक धरणं बांधली गेली. फ्यूस्टनचं धरण १८७९ साली पूर्ण झालं. ग्रेट टिंबलच्या हद्दीतली थॅक्रे नावाची वाडी त्याच्या पोटात गेली. लीड्सच्या नळांना आजही या खोऱ्याचं पाणी जातं.

तलावाला पायी फेरी घालायला दोनेक तास लागतात. कडेने पाइनची झाडी, खाली ओला पाचोळा. एका वळणावर दगडी गडग्याचा तुकडा दिसला. चुना नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड बसवलेले. वर शेवाळ. आणि तो गडगा उतरत उतरत सरळ पाण्यात शिरलेला. चार-पाच हातांपर्यंत पाण्याखालीही त्याची रेघ दिसते, मग गढूळ होतं. कुणाच्या तरी शेताची हद्द होती ती. मी तिथे बराच वेळ बसून होतो.

नावाचा अर्थ मी रात्री वाचून ठेवला होता. नवव्या शतकात व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले दर्यावर्दी, या भागात येऊन शेती करू लागले, आणि त्यांची बोली गावांच्या नावांत राहिली. त्यांच्या भाषेत 'थाक' म्हणजे छप्पर शाकारायचं गवत, लव्हाळं. 'व्रा' म्हणजे कोपरा, बेचकं. जिथे शाकारणीचं लव्हाळं मिळतं ती कोपऱ्यातली जागा, म्हणजे थॅक्रे. काही घराण्यांच्या स्पेलिंगमध्ये 'क' आणि 'र'च्या मध्ये अजून एक 'डब्ल्यू' असतो. उच्चारात तो ऐकू येत नाही, पण 'व्रा'तला 'व' तिथे टिकून आहे. भाषेचे अभ्यासक या 'थाक'चं नातं आपल्या 'स्थग्' धातूशीही जोडतात. स्थग् म्हणजे झाकणं. 'स्थगित' त्यातूनच आलं.

वाडीत राहणाऱ्याला कुणी थॅक्रे म्हणत नसणार, कारण तिथे सगळेच थॅक्रेचे. वाडी सोडून माणूस परगावी गेला की त्याला ते नाव चिकटायचं. आपल्या 'कर'सारखंच. फरक इतकाच की आपल्याकडे गाव बदललं की पूर्वी आडनावही बदलायचं. प्रबोधनकारांच्या घराण्यातच बघा: आजोबा धोडप किल्ल्यावरून धोडपकर, पनवेलला आल्यावर वडील पनवेलकर, आणि मुलाला शाळेत घालताना त्यांनी लावलं ठाकरे. इथे मात्र एकदा चिकटलेलं नाव पिढ्यान् पिढ्या तसंच राहिलं, हॅरोत, कलकत्त्यात, लीड्सच्या दुकानाच्या पाटीवर.

फेरी संपत आली तेव्हा तलावाच्या वरच्या टोकाला पोचलो. नदी जिथे तलावात शिरते तिथे पाणी उथळ आहे, काठाला काळा चिखल. त्या चिखलात लव्हाळ्याची बेटंच्या बेटं उभी होती, कमरेएवढी, गर्द हिरवी. बहिणीने वाकून एक काडी उपटली आणि नखाने सोलली. आत पांढरा, स्पंजासारखा गाभा निघाला. ती काडी मी वहीत ठेवून आणली आहे.