जुन्या पिकअपचा मागचा ॲक्सल

कोलोराडोतील एव्हरग्रीन हे गाव डेन्व्हरच्या पश्चिमेला, समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून अधिक उंचीवर वसलेले आहे. आमच्या घराकडे येणारी वाट उत्तर उताराची असल्यामुळे हिवाळ्यात तिच्या एका कडेला सूचिपर्णी झाडांची सावली दिवसभर पडते आणि तेथील बर्फ आठवडेच्या आठवडे वितळत नाही, तर दुसरी कडा दुपारपर्यंत कोरडी होते. माझ्याकडे १९९५ सालची फोर्ड एफ-१५० आहे. तिला ४.९ लिटरचे सरळ सहा सिलिंडरचे इंजिन आणि पाच गिअरचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स असून ओढ फक्त मागच्या चाकांना आहे. दोन हिवाळे ही गाडी त्या वाटेवर अडली आणि दोन्ही वेळा एकच चाक जागच्या जागी फिरत राहिले. जळाऊ लाकडांनी भरलेला ट्रेलर मागे लावला की महामार्गावरच्या चढांवरही ती थकत असे. दुखणी दोन होती, पण दोन्हींचे मूळ मागच्या ॲक्सलच्या (चाके फिरवणाऱ्या आसाच्या) एकाच हौसिंगमध्ये, म्हणजे आवरणात, होते.

प्रथम हौसिंगमध्ये नेमके काय आहे ते ठरवावे लागले. चालकाच्या दरवाज्याच्या चौकटीवरील पट्टीत ॲक्सलच्या रकान्यात १८ हा संकेतांक होता. त्याचा अर्थ ३.०८ गुणोत्तर (चाकांच्या एका फेरीमागे इंजिनाकडून येणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या) आणि साधे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ओढ वाटून देणारी गिअरची जुळणी) असा होतो. लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक मोकळे फिरू न देणारे डिफरन्शियल, असते, तर तेथे एच ८ लिहिलेले असते. परंतु एवढ्या जुन्या गाडीत कोणी कधी काय बदलले हे पट्टी सांगत नाही, म्हणून मोजून पाहणे आवश्यक होते. एक मागचे चाक जमिनीवर ठेवले, दुसरे जॅकवर उचलले, गिअर न्यूट्रलमध्ये घेतला आणि उचललेले चाक बरोबर दोन वेळा फिरवले (एक चाक स्थिर असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे डिफरन्शियलचा एकच फेरा). तेवढ्यात प्रोपेलर शाफ्टने तीन वळसे पूर्ण करून किंचित अधिक अंतर कापले. पट्टी खरे बोलत होती.

गुणोत्तराचा हिशेब टायरपासून सुरू होतो आणि बहुतेक जण नेमके तेच विसरतात. कारखान्यातून ही गाडी २३५/७५ आर १५ टायरवर निघाली होती आणि त्यांचा व्यास सुमारे २८.९ इंच असतो. आधीच्या मालकाने तिला ३१ इंची टायर बसवले होते. टायर मोठा झाला की एका फेरीत गाडी जास्त पुढे जाते, म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने गुणोत्तर घटते. माझे ३.०८ प्रत्यक्षात २.८७ इतकेच उरले होते. पाचव्या गिअरचे गुणोत्तर ०.८० धरले, तर ताशी ६५ मैलांना इंजिन मिनिटाला जेमतेम १,७४० फेरे घेत होते. या इंजिनाचा जास्तीत जास्त पीळ (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर) २,००० फेऱ्यांना मिळतो. त्यातच उंचीचा प्रश्न आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे ढोबळ मानाने तीन टक्के घटते. आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी अकरा हजार फुटांपलीकडे जातो, त्यामुळे १५० अश्वशक्तीच्या इंजिनाकडे तेथे शंभराच्या आसपासच शिल्लक राहते. सात टक्क्यांच्या चढावर पाचवा गिअर पेलत नाही आणि चौथ्यातही गाडी थकते, ही अवस्था खंबाटकी किंवा कशेडी घाटात भरलेली गाडी चालवलेल्या प्रत्येकाला ओळखीची वाटेल.

माझ्यासमोर ३.५५, ३.७३ आणि ४.१० असे तीन पर्याय होते. ३१ इंची टायरवर ३.५५ घेतले असते, तर गाडी कारखान्यातल्या मूळ चालीच्या थोडीच पुढे गेली असती. ४.१० घेतले असते, तर ताशी ६५ मैलांना २,३०० फेरे झाले असते. ट्रेलर रोज ओढणाऱ्यासाठी ते योग्य आहे, पण मी वर्षातले बहुतेक दिवस रिकामी गाडी घेऊन डेन्व्हरला जातो. ३.७३ वर हाच आकडा सुमारे २,१०० येतो, म्हणजे पिळाच्या शिखराला लागूनच. प्रत्येक गिअरमध्ये चाकांवरची ओढ एकवीस टक्के वाढते आणि उतारावर इंजिनाचा रोधही त्याच प्रमाणात वाढतो. लांब उतारावर ब्रेक तापू नयेत म्हणून या दुसऱ्या लाभाची किंमत मला पहिल्याइतकीच वाटते. गाडी चारही चाकांच्या ओढीची असती, तर पुढच्या ॲक्सलचे गुणोत्तरही बदलावे लागून खर्च जवळजवळ दुप्पट झाला असता, हेही लक्षात ठेवावे.

डिफरन्शियलचा निर्णय गुणोत्तरापेक्षा वेगळा आहे आणि त्यावर मी जास्त दिवस विचार केला. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ देते. बर्फावरचे चाक जेवढा पीळ पेलू शकते तेवढाच कोरड्या डांबरावरच्या चाकालाही मिळतो, आणि म्हणूनच पकड असलेले चाक स्तब्ध राहते. यावर एक टोकाचा उपाय म्हणजे दोन्ही चाके पूर्ण जखडणारा लॉकर. परभणीच्या काळ्या रानात ट्रॅक्टर रुतला की चालक पायाने डिफरन्शियल लॉक दाबतो आणि वळण्यापूर्वी तो आठवणीने सोडतो, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. आपोआप जखडणाऱ्या लॉकरवर चालकाचा असा ताबा नसतो. निसरड्या वळणावर दोन्ही मागची चाके एकदम घसरली, तर हलक्या हौद्याची पिकअप बाजूला फिरते. रोज बर्फावर चालणाऱ्या, मागच्या ओढीच्या गाडीला लॉकर बसवू नये, असे माझे ठाम मत आहे.

दुसरा प्रकार तिरक्या दातांच्या गिअरचा, टॉर्सन नावाच्या डिफरन्शियलच्या तत्त्वावर चालणारा. त्यात घासून झिजणाऱ्या चकत्या नसतात, तेलात वेगळे मिश्रण लागत नाही आणि तो अतिशय मऊपणे काम करतो. परंतु तो कमी पकडीच्या चाकावरील पिळाच्या ठरावीक पटीतच दुसऱ्या चाकाला पीळ देऊ शकतो. एक चाक हवेत असेल किंवा गुळगुळीत बर्फावर असेल, तर शून्याची कितीही पट शून्यच. अशा वेळी ब्रेक हलका दाबून कृत्रिम रोध निर्माण करता येतो, पण माझी वाट तर नेमकी त्याच अवस्थेची आहे.

म्हणून मी तिसरा, क्लच-चकत्यांचा प्रकार निवडला. फोर्डचा ट्रॅक्शन-लॉक याच जातीचा आहे. इंग्रजी एस अक्षराच्या आकाराची एक स्प्रिंग चकत्यांवर सतत दाब ठेवते, त्यामुळे एका चाकाखाली काहीच पकड नसली तरी दुसऱ्याला काही पीळ मिळतोच. चकत्या काळाने झिजतात हा दोष खरा. पण त्या बदलता येतात आणि त्यांचा संच महाग नसतो. शिवाय १९९५ ते २००१ मधील फोर्ड एक्सप्लोररच्या मागच्या ॲक्सलचे क्राउनही (डिफरन्शियलवरचे मोठे दातेरी चक्र) ८.८ इंचांचे आणि शाफ्ट ३१ दात्यांचे असल्यामुळे त्यातील ट्रॅक्शन-लॉक माझ्या गाडीत बसतो. त्या काळातल्या मस्टँगचे शाफ्ट मात्र साधारणतः २८ दात्यांचे असतात. स्वस्त मिळतो म्हणून तो उचलू नये. भंगाराच्या आवारात मला दरवाज्यावर लिमिटेड स्लिप दर्शवणारा डी ४ संकेतांक असलेली एक्सप्लोरर सापडली. तिचे डिफरन्शियल काढून मी त्यात नव्या चकत्या भरल्या. क्राउन आणि त्याला फिरवणारे लहान चक्र, म्हणजे पिनियन, मात्र नवे घेतले. ४१ आणि ११ दात्यांची, म्हणजे ३.७३ गुणोत्तराची, ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून तयार केलेली असते, म्हणून ती कधी फोडू नये.

बसवण्याचे काम मी शेजारच्या एका निवृत्त मेकॅनिककाकांच्या देखरेखीखाली केले. पिनियनची खोली शिमने (धातूच्या पातळ चकतीने) साधायची, बेअरिंगचा पूर्वदाब नवी क्रश स्लीव्ह (दाबली की चेपणारी नळी) हळूहळू दाबून आणायचा आणि क्राउन-पिनियनमधील मोकळीक ०.००८ ते ०.०१५ इंचांच्या दरम्यान ठेवायची, असा क्रम आहे. शेवटी दातांना पिवळे मलम लावून ठसा पाहायचा. आमचा पहिला ठसा दाताच्या मुळाकडे उतरला होता. पिनियन गरजेपेक्षा खोल बसले होते, म्हणून सगळे पुन्हा उघडून शिम पातळ केली. घाई केली असती, तर हा ॲक्सल आयुष्यभर गुणगुणत राहिला असता.

एक बारीक गोष्ट येथे नोंदवणे आवश्यक आहे. १९९२ ते १९९६ च्या या पिकअपमध्ये वेगमापकाचा संकेत डिफरन्शियलवरील १०८ दातांच्या कड्यावरून येतो. कडे क्राउनबरोबर फिरत असल्यामुळे गुणोत्तर बदलले तरी वेगमापक चुकत नाही, फक्त ते कडे नव्या डिफरन्शियलवर चढवावे लागते. टायर बदलले तर मात्र तो चुकतो. माझा काटा ६५ दाखवत असताना गाडी ७० च्या जवळ धावत होती आणि हे मला तोवर ठाऊक नव्हते. ती दुरुस्ती मापकाच्या यंत्रणेतच करता येते, पण आयुष्यात फक्त सहा वेळा, म्हणून टायरचा व्यास नीट मोजूनच केली.

तेलात घर्षण कमी करणारे मिश्रण घातले नाही, तर तीव्र वळणावर चकत्या थरथरतात. सुमारे ११८ मिलीलिटरची एक बाटली घालून मी रिकाम्या मैदानात आठाच्या आकड्यात गाडी फिरवली. पहिले पाचशे मैल ट्रेलर लावला नाही, मग तेल बदलले. चांगले टायर आणि हौद्यात ॲक्सलच्या वर वाळूची पोती या दोन्ही गोष्टी मी डिफरन्शियलच्या आधी मानतो, कारण ब्रेक आणि वळण यांत लिमिटेड स्लिपचा काडीचाही उपयोग नाही. सप्टेंबर ते मे या काळात आय-७० च्या डोंगरी भागात टायरच्या खाचा किमान ३/१६ इंच खोल असाव्यात, असा इथला नियमच आहे.

नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला तेव्हा त्याच वाटेवर दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरवर पाय हलका ठेवून गाडी वर नेली. मागे वळून पाहिले, तेव्हा सावलीच्या कडेला घसरल्याची अस्पष्ट खूण होती आणि कोरड्या कडेला टायरच्या खाचांचा स्वच्छ ठसा उमटला होता.