घ्यावे

आज सकाळी आईची औषधं आणायला सदाशिव पेठेतल्या मेडिकलमध्ये उभी होते. हातात डॉक्टरांची चिठ्ठी, वर कोपऱ्यात ती नेहमीची खूण: इंग्रजी 'आर' आणि त्याच्या पायाला तिरकी रेघ. ती खूण म्हणजे आपल्या 'रेसिपी'चंच संक्षिप्त रूप! मूळ शब्द लॅटिन, आज्ञार्थी क्रियापद. अर्थ एवढाच, 'घे'. युरोपातले जुने वैद्य औषधाची कृती याच शब्दाने सुरू करायचे. घे, हे इतकं. घे, ते तितकं. इंग्रजीतही हा शब्द आधी औषधांचाच होता, स्वयंपाकघरात शिरला तो १८व्या शतकात. त्याआधी, आणि नंतरही बराच काळ, तिथे पदार्थाच्या कृतीला 'रिसीट' म्हणत. हो, आपली पावती! तीही त्याच लॅटिन धातूतून आलेली.

घरी आल्या आल्या आईची वही काढली. चकलीच्या भाजणीचं पान तेलाने पार अर्धपारदर्शक झालंय, मागच्या पानावरचे अनारसे त्यातून दिसतात. पहिलीच ओळ: 'तांदूळ ४ वाट्या घ्यावेत. धुवून सावलीत वाळवावेत.'

घ्यावेत! इतकी वर्षं वाचतेय, आज अंगावर काटा आला. ना त्या वैद्यांना आई ठाऊक, ना आईला लॅटिन.

तिला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, चष्मा लावला, पानावरून बोट फिरवत खालपर्यंत गेली आणि म्हणाली, "अगं, यात पोहे लिहायचेच राहिलेत. वाटीभर घे."