मॅग्नेशियमची भट्टी, नोंद सहावी: ते इलेक्ट्रॉनच होते

माझ्या यंत्रात प्रोटॉनचा झोत मॅग्नेशियमच्या वाफेतून नेऊन त्याचे ऋण हायड्रोजन आयन करायचे आहेत; ही भट्टी त्या वाफेसाठी. मागच्या नोंदीत ऋण प्रवाह मिळाला म्हणून पेढे वाटले होते. ते परत मागायची वेळ आली आहे.

धन आणि ऋण कण वेगळे करणाऱ्या विचलन पट्ट्यांनंतर ऋण बाजूला ठेवलेल्या कपावर (झोताचा प्रवाह मोजणारं धातूचं भांडं) ४० नॅनोअँपिअर दिसत होते. पण ऋण म्हणजे हायड्रोजनचे आयनच, हा माझा आगाऊपणा. परवा लॅमिंग्टन रोडवरून आणलेला जुन्या स्पीकरचा चुंबक कपाच्या वाटेशेजारी नुसता वीतभर अंतरावर धरला आणि काटा धाडकन शून्याकडे. सारख्याच ऊर्जेला ऋण हायड्रोजन आयनाचा संवेग इलेक्ट्रॉनच्या ४३ पट असतो, आणि कडांवरून उडणारे इलेक्ट्रॉन तर त्याहूनही मंद. एवढ्याशा चुंबकाला आयन दाद देणार नाही. म्हणजे झोत भट्टीच्या तोंडावर आपटत होता आणि मी तिथले शिंतोडे मोजत होतो.

आपटत का होता, ते भट्टी उघडल्यावर कळलं. १० सेंटीमीटरची नळी, मध्यभागी ४३० अंश. मॅग्नेशियम वितळायला ६५० लागतात, पण इथे ते घन असतानाच वाफ सोडतं. दाब साधारण १ पास्कल, म्हणजे नळीभर मिळून चौरस सेंटीमीटरमागे १०^१५ अणू. प्रोटॉन एक इलेक्ट्रॉन उचलून तटस्थ होणार, मग दुसरा उचलून ऋण. या दोन टकरींना तेवढी गर्दी पुरावी. पण नळीची टोकं थंड. वाफ तिथेच गोठून ६ मिलिमीटरचं भोक जेमतेम ३ चं राहिलं होतं. दर पावसाळ्यात तुंबलेली गटारं बघणाऱ्याला हे आधी सुचायला हवं होतं!

टोकांशी नायक्रोमची तापणारी तार दाट गुंडाळली, बाहेर तांब्याची थंड कडी बसवली, म्हणजे निसटलेली वाफ झोत एकवटणाऱ्या लेन्सच्या चिनी मातीवर (विद्युतरोधकावर) न बसता कडीवर बसते. चुंबक आता कायमचा जागेवर. उरले २ नॅनोअँपिअर. भट्टी निवली की तेही जातात, तापली की परत येतात. हे खरे.

‘सीझियम का नाही?’ असं दोघांनी विचारलंय. त्याचा इलेक्ट्रॉन ३.८९ इलेक्ट्रॉनव्होल्टला सुटतो, मॅग्नेशियमचा ७.६५ ला, त्यामुळे मोह मलाही होतो. कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेतल्या पेलेट्रॉन कणत्वरकाच्या आयनस्रोतात सीझियमच असतं, पण तिथे ते सांभाळणारी माणसंही आहेत. हवेत पेटणारा धातू मुंबईच्या ऑगस्टमध्ये, वर बिऱ्हाडं असलेल्या गाळ्यात? नको.

पुढच्या रविवारी टोकांच्या तारेला वेगळा डिमरस्टॅट (व्होल्टेज कमीजास्त करणारा).