शामोनीत दोर बांधून: कातळ, बर्फ आणि कॉस्मिक रिज

शामोनी गाव १०३५ मीटरवर आणि एग्वीय द्यू मिदी या शिखराचा माथा ३८४२ मीटरवर. रोपवेने जाताना मध्ये एकदा केबिन बदलायची, तरी वीसेक मिनिटांत माणूस वर पोचतो. १९५५ पासून हा रोपवे चालू आहे. उंची तिकीट काढून मिळते, दम मात्र ज्याचा त्यालाच न्यावा लागतो. म्हणून फ्रान्सच्या या गावात चढाईला जाणाऱ्यांना पहिलं सांगणं हेच, की कॉस्मिक रिज, म्हणजे मिदीच्या माथ्याकडे चढणारी कातळ-बर्फाची धार, शेवटी ठेवा.

आम्ही दोघं जुलैत गेलो, दोघांत मिळून एक गाइड. आमच्या डोक्यात रिजच आधी होती. गाइडने आमचे बूट बघितले, याआधी काय काय चढलात ते विचारलं आणि थेट गायाँला नेलं. गावाच्या टोकाला, रस्त्यालगत तळ्याकाठी हा सरावाचा कातळ आहे, दोर अडकवायला जागोजागी बोल्ट मारलेला. शेजारी शाळकरी पोरं क्लाइंबिंग शूज घालून सरसर वर जात होती आणि आम्ही बर्फातले जाडजूड बूट घालून सोप्या स्लॅबवर (तिरक्या, सपाट कातळावर) झगडत होतो. गाइड वरून आमचे पायच बघत होता. मग दोराची वेटोळी खांद्यावर घेऊन, मध्ये थोडकाच दोर मोकळा ठेवून तिघांनी एका लयीत कसं चालायचं ते घोटून घेतलं. आम्हाला वाटलं दिवस वाया चालला. रिजवर सगळ्यात जास्त कामाला आलं ते हेच.

दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे मिदीचा रोपवे बंद. असं होतंच, त्यामुळे बेतात एक जादा दिवस धरा. आम्ही दरीच्या समोरच्या बाजूला, एग्वीय रूज डोंगररांगेतल्या अँदेक्स सुळक्यावर गेलो. फ्लेजेरहून चेअरलिफ्ट, थोडी पायपीट, मग पाच-सहा पिचची (दोराच्या टप्प्यांची) आग्नेय धार. अवघड जागा फ्रेंच श्रेणीत ४सी. माँ ब्लाँकडचा कातळ ग्रॅनाइटचा, इथला नाइसचा. धरायला कंगोरे भरपूर. गर्दी मात्र जत्रेची. पहिली लिफ्ट गाठली नाहीत तर बिलेच्या जागी (जोडीदाराचा दोर सांभाळत थांबायचं तिथे) पुढच्यांचे बूट न्याहाळत उभं राहावं लागेल. उतरताना रॅपल, म्हणजे दोरावरून खाली सरकणं, आणि नंतर सुट्या दगडांची घळ. सुळका संपला म्हणून हेल्मेट काढू नका.

बर्फासाठी मेर द ग्लास ही हिमनदी. माँतांवेरला दातेरी रुळांची रेल्वे जाते, तिथून खडकात ठोकलेल्या लोखंडी शिड्यांनी हिमनदीवर उतरायचं. हिमनदी खचत चालल्याने या शिड्या खाली वाढवाव्या लागतात. अमुक साली बर्फ इथपर्यंत होतं, अशा पाट्या वाटेत लागतात. त्या वाचत वाचत बर्फ येईपर्यंत बराच वेळ जातो. वर बघितलं की ड्रूचा सुळका आणि त्यावर फिकट रंगाचा मोठा व्रण. इटालियन गिर्यारोहक बोनातीने १९५५ मध्ये एकट्याने चढलेला खांब तिथे होता. तो २००५ मध्ये कोसळला. कातळाच्या भेगांतलं कायमचं बर्फ वितळलं की अशा भिंती सुटतात, आणि भर उन्हाळ्यात गाइड काही वाटांना चक्क नाही म्हणतात ते याचमुळे. तिथे वाद घालू नका.

खाली बर्फाच्या भिंतीवर गाइडने वरून दोर लावला आणि एकच धडा दिवसभर: टाच खाली. टाच उचलली की क्रॅम्पॉनचे (बुटाखाली बांधायच्या काट्यांचे) पुढचे दात सुटतात. आधी हातातल्या, बर्फात मारायच्या अॅक्सवर सगळा भार, तासाभरात कोपरापासून पुढचा हात लाकूड. पाय ऐकू लागले तेव्हा हात मोकळे झाले. गोठलेले धबधबे चढायचे असतील तर हिवाळ्यात यायला हवं. तेव्हा आर्जांतिएरजवळ सोय होते, नाहीतर माँ ब्लाँखालच्या बोगद्यातून इटलीत कोन्येला जातात.

शेवटी कॉस्मिक. श्रेणी एडी, म्हणजे मध्यम ते अवघडच्या मधली. स्टेशनच्या बर्फाळ बोगद्यातच क्रॅम्पॉन चढवून दोर बांधायचा, कारण बाहेर पडताच अरुंद हिमधार आणि डावीकडे थेट शामोनीपर्यंत उतार. इथे गाइड मागे राहतो, आपण पुढे उतरतो. खाली कोल द्यू मिदी या खिंडीकडे उतरून, वळसा घालून रिजच्या पायथ्याशी यायचं. मग कातळ-बर्फ, बर्फ-कातळ, मध्ये रॅपल. वरच्या भागात एका गुळगुळीत स्लॅबमध्ये क्रॅम्पॉनचा दात बसेल एवढीच भोकं पाडलेली आहेत. इतक्यांनी पाय खरवडलेत, की त्यांच्या कडा पांढऱ्या पडल्यात. उंचीने दम लागलेला, दोन पावलांमागे थांबणं आलं. आणि शेवटची शिडी चढून आपण निघतो कुठे, तर पर्यटकांच्या गच्चीवर! एका आजींनी फोटो काढला आणि पुढच्याच क्षणी स्वच्छतागृह कुठे ते आम्हालाच विचारलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये या रिजचाही एक भाग कोसळला होता, तेव्हा ताजी परिस्थिती विचारूनच जा. त्यासाठी चर्चजवळ ला शामोनियार्द या डोंगर-सुरक्षा संस्थेचं कार्यालय आहे. सल्ला फुकट मिळतो.

गाइडबद्दल. १८२० मध्ये माँ ब्लाँवर हिमप्रपातात तीन गाइड गेले आणि पुढच्याच वर्षी इथे गाइडांची संघटना उभी राहिली. ती आजही आहे. कोणाकडूनही घ्या, पण यूआयएजीएमचा (गाइडांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा) बिल्ला असलेलाच. खासगी गाइडचे दिवसाला साधारण ४०० ते ५०० युरो पडतात, दोघांत निम्मे. रोपवेची तिकिटं, गाइडचंही, यात धरलेली आहेत का ते आधीच विचारा. रद्द झालं तर पैशांचं काय, हेही. बूट, अॅक्स, क्रॅम्पॉन गावात भाड्याने मिळतात; बूट आदल्या संध्याकाळी घ्या आणि क्रॅम्पॉन त्याच बुटावर बसवून बघा. मुक्कामाच्या ठिकाणी गेस्ट कार्ड मागून घ्या, दरीतल्या बस आणि रेल्वेचे पैसे वाचतात. डोंगरातल्या हटमध्ये (मुक्कामाच्या निवाऱ्यात) राहणार असाल आणि शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा.

विमा मात्र नीट वाचून घ्या. फ्रान्सच्या हद्दीत पीजीएचएमचं (पोलिसांचं डोंगरी बचाव) पथक डोंगरातून उचलून आणायचे पैसे घेत नाही, पण इस्पितळाचं बिल आपलंच; आणि सीमा ओलांडून इटलीत पाय मुरगळला तर सुटकेचंही बिल येऊ शकतं. व्हिसासाठी काढलेल्या साध्या प्रवास विम्यात दोर बांधून केलेली चढाई बहुधा वगळलेली असते. ती धरलेली आहे असं कंपनीकडून लेखी घ्या, आणि उंचीची मर्यादा ३८४२ च्या वर आहे ना ते बघा.