रात्री साडेनऊचा ग्रुप आणि साडेचार महिन्यांचा अर्ज: माझा अनुभव

सासूबाईंच्या साखरेचा रिपोर्ट आला होता. संध्याकाळी त्यांनी तो मला वाचून दाखवला, डॉक्टरांनी गोळी बदलल्याचं सांगितलं, आणि मी "बरं झालं" म्हणाले. तीन दिवसांनी मीच त्यांना विचारलं, "आई, रिपोर्ट आला का हो?" त्या काही बोलल्या नाहीत. कपाटातून फाईल काढून माझ्यासमोर ठेवली, एवढंच. त्या रिपोर्ट वाचत होत्या तेव्हा मी मनातल्या मनात त्या दिवशीच्या कॅशमधला पाचशेचा फरक शोधत होते. त्या फाईलकडे बघताना मला जेवढी लाज वाटली तेवढी ऑडिटरसमोरही कधी वाटली नव्हती.

मी बँकेत अधिकारी आहे. शाखा ठाण्यात, घर बदलापूरला. स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी हेड कॅशियरकडे असते, दोघं मिळूनच ती उघडतो आणि बंद करतो. म्हणजे काम डोक्यात घेऊन घरी येणं ही आमच्याकडे नुसती म्हण नाही. ते पर्समध्ये असतं. रात्री दोन वाजता उठून पर्स चाचपून बघायची सवय मला दीड वर्ष होती. किल्ली सापडायची, पण मग वाटायचं, आपण खरंच कुलूप लावलं का?

ही शंका कशी गेली ते आधी सांगते, कारण तिला एक पैसा खर्च आला नाही. रेल्वेत लोको पायलट आणि सहायक लोको पायलट सिग्नल कोणता आहे ते एकमेकांना मोठ्याने सांगतात. आम्हीही तेच सुरू केलं. दार ओढलं की मी म्हणते, "स्ट्राँगरूम बंद." हेड कॅशियर हँडल ओढून म्हणतात, "बंद. अलार्म चालू." पहिले चार दिवस शिपाई आमच्याकडे बघत राहायचा. रोज त्याच त्या हालचाली हात आपोआप करतात आणि मनात त्यांची खूण राहत नाही, म्हणून रात्री शंका येते. मोठ्याने बोललेलं मात्र आठवतं. घरातही किल्लीला आता एकच जागा आहे, ती कुठली ते सांगत नाही.

दुसरी गोष्ट डायरीची. डे-एंड, म्हणजे दिवसाचे हिशेब बंद करणं, झाल्यावर उठायच्या आधी पाच मिनिटं उद्याची कामं लिहायची. "कर्जाची फाईल बघणे" असं लिहून उपयोग नाही. "अमुक फाईलमधलं सर्च रिपोर्टचं पान वकिलांकडून मागवणे, सकाळी साडेदहा" असं लिहायचं. अर्धवट काम मनातून जात नाही, पण ते कधी आणि कसं करायचं हे ठरलं की मन त्याला सोडतं. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक लहानसा प्रयोग आहे. झोपण्याआधी पाच मिनिटं पुढची कामं लिहिणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटं लवकर झोप लागली. माणसं ५७ च होती, पण माझ्यापुरतं ते खरं ठरलं. फक्त मी ती यादी बँकेतच लिहून ड्रॉवरमध्ये ठेवते. घरी लिहायला बसले की यादी वाढतच जाते.

लोकलचं एका ओळीत सांगते: मुंब्र्याची खाडी दिसेपर्यंत बँकेचा विचार करायची मुभा, त्यानंतर नाही.

हे सगळं महिनाभरात बसलं. ज्याने माझं वर्ष खाल्लं तो होता फोन.

आमच्या रिजनल ऑफिसचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, सगळ्या शाखा त्यात. दिवसभर तो शांत असतो. रात्री साडेनऊच्या सुमारास आकडे मागायला सुरुवात होते. अटल पेन्शनची खाती किती, ४३६ रुपयांच्या जीवन ज्योती विम्याचे फॉर्म किती, आज बचत खाती किती उघडली. मग तक्ता येतो आणि ज्या शाखेचा आकडा शून्य, तिचं नाव लाल रंगात. खाली एक ओळ: "कारण कळवा." पावणेदहाला, ताटावर बसलेली असताना, मी कारण कळवायची. मुलगा सातवीत आहे. त्याने एकदा चपाती माझ्या पानात वाढली, मी फोनकडे बघत ती बाजूला सरकवली, आणि तो उठून आत गेला. त्या रात्रीपासून माझं ठरलं, की हा ग्रुप माझ्या हातातून जायलाच हवा.

म्यूट करून बघितलं. उपयोग झाला नाही, उलट दर दहा मिनिटांनी आपणच उघडून बघतो. मॅनेजर साहेबांशी बोलले. ते सज्जन होते, म्हणाले, "मॅडम, मलाही हेच होतं, पण वरून आहे." मग मला सुचलं की शाखेला स्वतःचा मोबाइल मिळावा, ग्रुप त्यावर असावा आणि तो फोन संध्याकाळी शाखेतच राहावा. आठ-दहा हजारांचा फोन आणि एक सिमकार्ड. मला वाटलं पंधरा दिवसांत होईल.

पहिला अर्ज मी रिजनल ऑफिसला जीव ओतून लिहिला. घरच्या वेळेत ग्रुप पाहावा लागतो, वयस्कर सासूबाई आहेत, मुलाचा अभ्यास आहे, झोपेवर परिणाम होतो. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कापासून अलिप्त राहण्याचा हक्क कायद्यात आहे आणि आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असंच खाजगी विधेयक मांडलं होतं, हेही मला त्यात घालायचं होतं. नवरा म्हणाला, विधेयकाचा कायदा झालेला नाही, ते तुला हेच तोंडावर मारतील. ते काढलं. बाकी तसंच पाठवलं.

तीन आठवडे काहीच नाही. फोन केला तर उत्तर मिळालं, "अर्ज एचआरला गेलाय, त्यांचा विषय नाही." एचआरने सांगितलं, फोन म्हणजे आयटी. आयटीने सांगितलं, खरेदी म्हणजे जनरल ॲडमिनिस्ट्रेशन. तिथल्या बाईंनी विचारलं, "आवक नंबर काय?" माझ्याकडे नव्हता, कारण मी अर्ज टपालाच्या थैलीत पाठवला होता. त्यांच्या लेखी तो अर्ज आलाच नव्हता. एचआरकडे असलेला अर्ज आलाच नव्हता! मी त्या दिवशी जिन्यात उभी राहून रडले. अर्जासाठी नव्हे, त्या रात्री पुन्हा साडेनऊ वाजणार होते म्हणून.

दुसरा अर्ज स्वतः नेऊन दिला, प्रतीवर शिक्का आणि नंबर घेतला. तो आठ दिवसांत परत आला: "थ्रू प्रॉपर चॅनल पाठवावा." माझ्या सहीखाली मॅनेजरची शिफारस नव्हती. शिफारस घ्यायला गेले तर साहेबांच्या बदलीची ऑर्डर आलेली. नवीन साहेब रुजू होऊन त्यांना शाखेची घडी कळेपर्यंत एक महिना गेला. तिसरा अर्ज शिफारशीसह गेला आणि त्यावर शेरा आला, "वैयक्तिक अडचणीसाठी अशी तरतूद नाही."

हा शेरा मी खूप वेळा वाचला. घरी जेवताना फोन बघावा लागणं ही वैयक्तिक अडचण. रात्री पावणेदहाला लाल रंगात नाव लावणं हे मात्र कामकाज. मला आजही त्याचा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मार्ग दाखवला आमच्या हेड कॅशियरनी. ते म्हणाले, "मॅडम, आपलं दुखणं लिहू नका. त्यांचं दुखणं लिहा." त्या ग्रुपवर आणि शाखेच्या छोट्या ग्रुपवर ग्राहकांचे खाते क्रमांक यायचे, आधार-पॅनचे फोटो यायचे, आणि ते सगळं आमच्या खाजगी फोनमध्ये पडून होतं. मुलं खेळतात त्या फोनमध्ये. चौथा अर्ज अर्ध्या पानाचा होता. ग्राहकांची कागदपत्रं कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक हँडसेटवर साठतात, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पाहता हे धोक्याचं आहे, पुढच्या तपासणीत हा मुद्दा निघू शकतो, तरी शाखेला स्वतंत्र हँडसेट मंजूर व्हावा. घर, सासूबाई, झोप, काही नाही. अकराव्या दिवशी मंजुरी आली. पहिल्या अर्जापासून साडेचार महिने.

फोन आला त्या दिवशी मी ग्रुपमधून माझा नंबर काढला आणि शाखेचा घातला. आता संध्याकाळी तो चार्जिंगला लावून कुलपात जातो. रात्रीच्या आकड्यांना सकाळी दहाला उत्तर जातं. पहिल्या आठवड्यात दोनदा विचारणा झाली, नवीन साहेबांनी "फोन शाखेत असतो" एवढंच सांगितलं. त्यानंतर कुणी विचारलं नाही. खरी तातडी वेगळी: अलार्म वाजला तर पोलीस ठाण्यातून माझ्याच नंबरवर फोन येतो, आणि तो यायलाच हवा. एकदा उंदराने वायर कुरतडली तेव्हा रात्री एकला निघाले, त्याचं मला काही वाटलं नाही.

एक राहिलं. मधल्या त्या महिन्यांत झोप अगदीच गेली होती तेव्हा मी १४४१६ ला फोन केला होता, सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस सेवा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या मुलीने वीस मिनिटं ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर पहिला अर्धा तास कुणाशी काय बोलायचं एवढंच ठरवायला सांगितलं. मी ठरवलं, चहा सासूबाईंबरोबर आणि फोन पर्समध्ये. आणखी एक, नवऱ्याला बँकेचं सांगायचं ते पंधरा मिनिटांत सांगायचं. आधी मी दोन तास सांगायची, त्यात त्याचीही संध्याकाळ जायची.

गेल्या महिन्यात दुसऱ्या दोन शाखांमधल्या मैत्रिणींनी चौथ्या अर्जाची प्रत मागितली. दोघींना पाठवली. आवक शिक्का घ्या, साहेबांची शिफारस आधी घ्या आणि घरचं एक अक्षर लिहू नका, हे त्यांना फोनवर सांगितलं. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.