हरलेल्यांचे गीत आधी

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकी फुटबॉलच्या, बड्या संघांचा नियमित हंगाम आटोपलेला असतो. तो दिवस जणू राखूनच ठेवलेला असतो, कारण त्या दिवशी वेस्ट पॉइंटची लष्करी प्रबोधिनी आणि अ‍ॅनापोलिसची नौदल प्रबोधिनी एकमेकींसमोर उभ्या राहतात. या दोन संघांपैकी कोणी राष्ट्रीय विजेतेपदाच्या शर्यतीत असेलच असे नाही, आणि त्यांतले फार थोडे खेळाडू पुढे व्यावसायिक संघांत जातात; बहुतेकांच्या वाट्याला पदवीनंतर किमान पाच वर्षांची सैनिकी सेवा येते. तरीही हा सामना मी दरवर्षी आवर्जून पाहतो आणि दरवर्षी त्यातील एका प्रथेपाशी माझे मन अडकते.

सामना संपला की दोन्ही संघ आधी हरलेल्या संघाच्या विद्यार्थ्यांसमोर जाऊन उभे राहतात आणि त्यांच्या संस्थेचे गीत होते. मग सगळे मिळून मैदान ओलांडून जिंकलेल्यांच्या बाजूला जातात आणि त्यांचे गीत होते. म्हणून दोन्हीकडचे विद्यार्थी ‘आम्हाला दुसरे गायचे आहे’ एवढेच म्हणतात. त्यात जिंकण्याची सगळी जिद्द आली. परंतु जिंकणाऱ्याने जल्लोषाला लागण्यापूर्वी पराभूतासमोर सावधान उभे राहायचे, ही अट मला या सामन्यातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

हा संयम या स्पर्धेला पहिल्या दिवसापासून लाभलेला नव्हता. नौदलाचे आव्हान मिळाले तेव्हा वेस्ट पॉइंटचा संघ डेनिस मायकी या कॅडेटने उभा केला. त्यातील बहुतेकांना खेळ नवा होता, आणि २९ नोव्हेंबर १८९० रोजी नौदलाने त्यांना २४-० असे हरवले. पुढच्याच वर्षी अ‍ॅनापोलिसला जाऊन लष्कराने ३२-१६ अशी परतफेड केली. वैर मात्र मैदानापुरते राहिले नाही. १८९३च्या सामन्यानंतर लष्कराचा एक जनरल आणि नौदलाचा एक अ‍ॅडमिरल यांच्यात अशी जुंपली की गोष्ट द्वंद्वयुद्धाच्या भाषेपर्यंत गेली, असे सांगितले जाते. त्यानंतर सलग पाच वर्षे सामना झालाच नाही. १८९९मध्ये तो पुन्हा सुरू झाला तो दोघांनाही परक्या असलेल्या फिलाडेल्फियात. पण ते पाहायला मायकी उरला नव्हता. १ जुलै १८९८ रोजी स्पेनविरुद्धच्या युद्धात क्यूबातील सान हुआनच्या लढाईत तो मारला गेला होता. वेस्ट पॉइंटचे स्टेडियम आज त्याच्या नावाने ओळखले जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रवासावर निर्बंध आल्यामुळे १९४२चा सामना अ‍ॅनापोलिसमध्येच झाला आणि वेस्ट पॉइंटच्या विद्यार्थ्यांना तिथे जाता आले नाही. तेव्हा नौदल प्रबोधिनीच्याच काही मिडशिपमनना, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांना, लष्कराच्या बाजूने बसवून त्यांच्यासाठी घोषणा देण्याचा हुकूम झाला. पुढच्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या कॅडेट्सनी नौदलासाठी तेच केले. दोन्ही सामने नौदलाने जिंकले, परंतु माझ्या लेखी त्या निकालांपेक्षा त्या उसन्या घोषणांची किंमत अधिक आहे.

आणि मग १९६३. राष्ट्राध्यक्ष केनेडी स्वतः नौदलात लढलेले, आणि आधीची दोन वर्षे या सामन्याला हजर राहिलेले. २२ नोव्हेंबरला त्यांची हत्या झाली आणि सामना रद्द होणार असेच वाटू लागले. परंतु तो खेळला जावा अशी केनेडी कुटुंबाची इच्छा होती, म्हणून आठवडाभर पुढे ढकलून ७ डिसेंबरला फिलाडेल्फियात लाखभर प्रेक्षकांसमोर तो झाला. नौदलाचा रॉजर स्टॉबॅक हा महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइसमन पुरस्काराचा त्या वर्षीचा मानकरी होता, पण त्या दिवशी नौदलाचे तिन्ही टचडाउन, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण, पॅट डॉनेली याने केले. २१-७ अशा पिछाडीवरून लष्कराच्या रॉली स्टिचवेने स्वतः चेंडू घेऊन धावत टचडाउन केले, टचडाउननंतरच्या जादा संधीचे दोन गुणही मिळवले आणि लगेच, चेंडू पुन्हा आपल्याकडेच यावा म्हणून लष्कराने मारलेल्या आखूड किकवरचा चेंडूही त्यानेच ताब्यात घेतला. दूरचित्रवाणीवर त्याचे ते टचडाउन लगेच पुन्हा दाखवण्यात आले. प्रेक्षकांना असे काही पाहण्याची सवयच नव्हती, त्यामुळे लष्कराने दुसऱ्यांदा गुण मिळवलेले नाहीत, असा खुलासा समालोचकाला करावा लागला. शेवटी लष्कर गोलरेषेपासून अवघ्या दोन यार्डांवर येऊन ठेपले. प्रेक्षकांच्या गोंगाटात स्टिचवेचे इशारे त्याच्याच सहकाऱ्यांना ऐकू जात नव्हते, वेळ थांबवून घेण्याची सोय उरली नव्हती, आणि पुढची चाल सुरू होण्याआधीच घड्याळ संपले. निकाल २१-१५. पुढे स्टॉबॅक आणि स्टिचवे दोघांनीही आपापल्या सेनादलातून व्हिएतनाममध्ये सेवा केली. दोन यार्ड कमी पडलेल्या त्या माणसाबद्दल मला विजेत्याइतकाच आदर वाटतो.

अलीकडे दूरचित्रवाणीच्या पैशापायी महाविद्यालयांनी आपल्या जुन्या लीग सोडल्या आणि शंभर वर्षांच्या कित्येक चुरशी त्यात मोडल्या, याचे मला मनापासून दुःख होते. या सामन्याचीही चिंता २०२४मध्ये वाटली होती, कारण त्या वर्षी लष्कराचा संघ नौदल ज्या लीगमध्ये होते तिच्यातच दाखल झाला. दोन्ही प्रबोधिन्यांनी मात्र हा सामना लीगच्या गुणतक्त्याबाहेर आणि आपल्या ठरलेल्या शनिवारीच ठेवला. त्या वर्षी ६ डिसेंबरला मायकी स्टेडियमवर लष्कराने लीगचे विजेतेपद मिळवले आणि आठच दिवसांनी लँडओव्हर येथे नौदलाने त्याच संघाला ३१-१३ असे हरवले. लीगच्या गुणतक्त्यात त्या पराभवाला जागा नाही, आणि ती नसावी असेच मला वाटते. या सामन्याचा हिशेब या दोघांनी आपसातच ठेवायचा आहे.