लाल फळं, निळी फळं

उद्यानातल्या झाडांच्या पाट्या नव्याने करायच्या होत्या आणि त्याआधी प्रत्येक नाव तपासायचं काम माझ्याकडे होतं. पंख्याच्या पानांचे पाम सगळ्यांत शेवटी उरले. ते नेहमीच उरतात. हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेले नमुने चिकटवून जपायच्या संग्रहाची, शीट साधारण ४२ बाय २९ सेंटिमीटरची आणि पान तिच्या कितीतरी पट मोठं. कापून, दुमडून, तुकड्यांवर क्रमांक घालून बसवावं लागतं. त्या भानगडीत पुष्कळ जण पानाची देखणी टोकं जपतात आणि देठाचा जोड टाकून देतात. खरी ओळख त्या जोडापाशी असते.

रजिस्टरमध्ये अख्खी रांग एकाच नावाखाली होती: लिव्हिस्टोना रोटुंडिफोलिया. माळीकाकांनी आकडीने एक पान खाली ओढून दिलं. आधी घडी पाहिली. एक पट्टी आडवी कापली की छेद इंग्रजी व्ही अक्षरासारखा, वरून पन्हळीसारखा उघडा. म्हणजे पाम कुळातलं उपकुल कोरिफॉइडी. दक्षिण अमेरिकेतल्या मॉरिशिया या पामचं पानही पंख्याचंच, पण त्याची घडी बरोबर उलटी. तो वेताच्या गोतावळ्यातला. उलट खजूर आणि भेरली माड यांचा पंख्याशी दिसायला काही संबंध नाही, तरी घडी व्हीचीच, म्हणून ते याच उपकुलात बसतात. नुसत्या आकारावर नाव ठेवणाऱ्याची इथे फजिती ठरलेली.

मग जोड. देठ जिथे पात्यात शिरतो तिथे वरच्या बाजूला एक टणक, उभी कड असते, तिला हॅस्ट्युला म्हणतात. बोट फिरवलं की लागते. देठाच्या कडांना काटे होते, त्यामुळे सबाल हा पाम बाद. त्याचा देठ बिनकाट्याचा. पट्ट्यांच्या मधून दोरे लोंबत नव्हते, म्हणून वॉशिंग्टोनिया या पामचा विचार फार केला नाही. ताडाचं फळ नारळाएवढं, तो प्रश्नच नव्हता. इथवर रजिस्टर बरोबर वाटत होतं.

तेवढ्यात काका म्हणाले, "मॅडम, नाव एकच कसं लावता? याच्याखाली निळी फळं पडतात, त्या पलीकडच्याखाली तांबडी. रोज झाडतो ना मी."

दोन्ही झाडांची पोय, म्हणजे फुलाफळांचा घोस, उतरवून घेतली. तांबड्या फळांच्या झाडाची पोय बुडापासूनच तीन सारख्या फांद्यांत फुटलेली होती. निळ्याची एकाच दांड्यावर, फांद्या त्याला बाजूने. मग निळ्याच्या देठाकडे पुन्हा पाहिलं: काटे आडदांड, मागे वळलेले, हात लावायची सोय नाही. पातंही एकसारखं चिरलेलं नव्हतं. काही चिरा खोल, काही उथळ, त्यामुळे पट्ट्यांचे गट पडलेले.

वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने १८१० मध्ये लिव्हिस्टोना ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट; झाडाच्या नावातला पहिला शब्द तिचा, दुसरा जातीचा) मांडली. २०११ मध्ये बेकन आणि बेकर या वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्यातल्या काही जाती वेगळ्या काढून सॅरिबस ही जुनी प्रजाती पुन्हा उभी केली. त्यामागे डीएनएचा पुरावा होता, पण झाडाखाली उभ्या माणसाला उपयोगी पडतात त्या दोन खुणा: बुडापासून तीन फांद्यांची पोय आणि नारिंगी-लाल फळं. तेव्हा आमचं तांबडं झालं सॅरिबस रोटुंडिफोलियस, फिलिपिन्स आणि सुलावेसीकडचं. आणि निळं? ते लिव्हिस्टोनातच राहिलं, पण त्या जातीचं नाव लिव्हिस्टोना सॅरिबस.

माझ्या मते नामकरणाच्या नियमांनी लोकांच्या सहनशक्तीचा इतका अंत पाहू नये.

यादी गेली आणि संध्याकाळच्या आत पाट्या करणाऱ्याचा फोन आला. दोन नावांची अदलाबदल झालीय, मी दुरुस्त करून टाकतो, म्हणाला. त्याला आधी थांबवलं, मग शांतपणे सगळं सांगितलं. "म्हणजे जे सॅरिबस नाही त्याच्यावर सॅरिबस लिहायचं?" हो, लिहायचं.

रांगेतल्या ज्या झाडांना अजून पोय आलेली नाही, त्यांच्या पाट्या मी थांबवून ठेवल्या आहेत. कुठल्या झाडाला फुटते ते काका मला कळवणार आहेत.